कोनादू होती तशी

"पेटी गाडीतून उतरवायची नाही," नाना सियाव म्हणाले, आणि अंगणातली कुजबुज थांबली.

फाटकाबाहेर टेम्पोत पांढरी, सोनेरी कड्यांची रिकामी शवपेटी होती आणि तिला हात लावून गेलेल्या कोनादूचा नवरा बादू उभा होता. बायकोची पेटी नवऱ्यानं आणायची, पण ती घ्यायची की नाही हे बायकोच्या आईकडचं कूळ ठरवणार. बाई नांदते नवऱ्याकडे, मरते मात्र आपल्या कुळाची. या कुळाचे प्रमुख नाना. त्यांनी पेटी परत पाठवली, तर तू नवरा म्हणवायच्या लायकीचा नव्हतास असं सगळ्या मांपाँग गावादेखत बादूला सांगितल्यासारखं होतं. उद्या दफन होतं. एकदा परत गेलेल्या पेटीचा डाग माणूस स्वतःच्या पेटीत जाईपर्यंत पुसला जात नाही.

आणि हे सगळं पेटलं होतं बिरागोनं जोडलेल्या व्हिडिओवरून.

बिरागोचं दुकान मयतांवर चालायचं. कोणी गेलं की घरचे जुन्या कॅसेटी, मोबाईलमधले तुकडे आणून द्यायचे. ती ते जोडायची आणि दफनाच्या दिवशी मोठ्या पडद्यावर दाखवायची. आदल्या दिवशी घरच्यांना एकदा दाखवून घ्यावं, म्हणून आज तिनं इथल्या पडवीत मोठा टीव्ही मांडला होता.

सुरुवातीला, नवऱ्याकडची दारू स्वीकारून कोनादूचं लग्न पक्कं झालं, त्या दिवसाची जुनी कॅसेट होती. याच पडवीत कोनादू बसलेली, गाल वर आलेले, दंड भरलेले. शेजारी तरणेताठे नाना, दाराएवढे रुंद. "बघा, काय छाती होती तेव्हा," नाना खुशीत म्हणाले होते. मग मोबाईलवरचे तुकडे लागले. दूर ताकोराडीत, नवऱ्याच्या घरी, कोनादू मासे साफ करत होती. गळ्याची हाडं वर आलेली, मनगटं काडीसारखी.

"बघितलंत?" कोनादूची धाकटी बहीण दुफी उठून उभी राहिली. "आम्ही काय दिली होती, आणि यांनी काय करून ठेवली! म्हणे हृदय बंद पडलं. पोटात अन्न नसलं तर हृदय काय हवेवर चालणार?"

लेक परगावी मेली की माहेरच्यांच्या मनात पाल चुकचुकतेच. त्या शंकेला आता पुरावा मिळाला होता. सगळे फाटकाकडे बघू लागले. बादूनं मान खाली घातली. गुन्हेगार दुसरं काय करतो, असं सगळ्यांनी मनात म्हणून टाकलं.

बिरागो जुना तुकडा पुन्हा लावून, थांबवून पडद्याकडे बघत बसली होती. कोनादूच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं. ते अंड्यासारखं होतं.

जुन्या कॅमेऱ्याचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं आणि आताचा पडदा आडवा. क्लिप आत घेताना सॉफ्टवेअर विचारतं, चित्राचा आकार राखू की चौकट भरू? बिरागो दरवेळी चौकट भरायची, मग चित्र आडवं ताणलं गेलं तरी. कारण आकार राखला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, आणि मयताला आलेली तोंडं गप्प बसत नाहीत. अर्धाच पडदा भाड्यानं आणला का, म्हणून विचारतात. शिवाय मेलेलं माणूस जरा भरलेलं दिसलं तर कोणाला वाईट वाटतं? उलट गाऱ्हाण्याऐवजी तिला शाबासकीच मिळत आली होती. मोबाईलचे तुकडे मुळातच आडवे, त्यामुळे ते होते तसे राहिले.

गप्प बसावं, असं तिला फार वाटलं. बोललं तर दुकानाची अब्रू गेली. आणि त्याच चित्रात नाना बसले होते, छातीसकट. पण टेम्पोवाला पेटीचे दोर पुन्हा आवळायला लागला आणि तिला राहवेना.

"नाना, पेटी परत पाठवायच्या आधी माझं ऐका. चूक माझी आहे."

"तुझी कशी गं?" दुफी म्हणाली. "तू ठेवलीस तिला उपाशी?"

"मी तिला फुगवली. चित्र आडवं ताणलंय. ते घड्याळ बघा."

"ते तर आमचंच," नाना म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या. घड्याळ अजून तिथंच होतं, धूळ खात, चांगलं गरगरीत गोल.

"जावयानं हिचा खिसा गरम केलाय," दुफी म्हणाली. "यंत्रात काय, म्हणाल तसं करता येतं. आत्ता ताणलं म्हणते, मग हवं तेवढं आवळून दाखवेल."

"मग मी नाही ठरवत. नानांनी ठरवायचं," बिरागो म्हणाली. "मी दोन्ही बाजूंनी चित्र आत घेत जाते. घड्याळ गोल झालं की थांब म्हणा. मग बाईकडे बघू."

तिनं कड धरून आत ओढली. कोनादूचे गाल उतरू लागले. नानांची छातीही उतरू लागली. नाना खुर्चीत पुढे सरकले.

"थांब," ते म्हणाले.

बिरागो थांबली. घड्याळ अजून अंडंच होतं. तिला ते दिसत होतं, नानांनाही दिसत असणार. कुलप्रमुखाला खोटं कोण पाडणार?

"नाना, अजून गोल नाही झालं," कोणीतरी हळूच म्हणालं. ती दुफी होती.

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या स्वतःकडे. "ने पुढे," ते म्हणाले.

घड्याळ गोल झालं. त्याखाली दोन सुकडी माणसं बसली होती, आणि त्यातली एक मोबाईलमध्ये मासे साफ करणारी तीच कोनादू होती, फक्त तरुण. तीच गळ्याची हाडं, तीच मनगटं.

दुफी टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "आई मण्यांचे सर तीनदा गुंडाळायची हिच्या हाताला," ती म्हणाली. "तरी गळून पडायचे. मी विसरले कशी?" आणि ती तिथंच खाली बसून रडायला लागली.

"फाटक उघडा," नाना म्हणाले.

चौघांनी पेटी आत आणली. बादू मात्र बाहेरच उभा राहिला. दुफी डोळे पुसत त्याच्याकडे गेली.

"दाजी, आम्ही इतकं बोललो. तुम्हाला तर ठाऊक होतं ती पहिल्यापासून अशीच होती. तोंड का नाही उघडलंत?"

बादूनं रिकाम्या टेम्पोकडे पाहिलं.

"मलाही पटलं होतं, दुफी," तो म्हणाला. "वाटलं, खरंच एवढी भरलेली नेली होती मी हिला. मान खाली घालून तेच आठवत होतो, की कुठल्या वर्षापासून माझ्याच्यानं तिचं पोट भरेनासं झालं."