किल्लीवाल्याच्या दारावरचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो, आणि ज्या माणसाने माझी किल्ली घडवली, त्याच्याच दुकानावर मी अकरा दिवस लटकलो. यात माझा दोष किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून मी स्वस्थ नसतो.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. माझ्या पोटात सात पत्र्या आहेत. त्या सातही एका ओळीत आल्याशिवाय माझी कडी सुटत नाही. पुढे एका मालकाने मला विकत घेतलं आणि आपल्या कोठाराला लावलं. कोठारात मोडक्या खुर्च्या होत्या. नऊ वर्षं मी त्यांची राखण केली. एकदा एक चोर आला, दोन तास माझ्याशी झटला, मग फटीतून आत डोकावला. खुर्च्या बघून त्याला माझी कीव आली आणि तो निघून गेला.

एके दिवशी मालकाने किल्ली माझ्या पोटातच मोडली. मग मला त्याच्याच इमारतीतल्या भाडेकरूकडे नेण्यात आलं. तो किल्लीवाला. त्याचं दुकान एवढंसं, की आत दोन माणसं असली तर एकाने वळण्याआधी दुसऱ्याला कळवावं लागे. त्याने मोडका तुकडा काढला, फुंकर घातली आणि कानशीने नवी किल्ली घासता घासता मला म्हणाला, "घाबरू नकोस, झालंच." तोवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी कुलूप आहे, पण दगड नाही.

नंतर खुर्च्या भंगारात गेल्या आणि मी मालकाच्या घरी एका खणात, गंजलेल्या खिळ्यांच्या सोबतीला. खिळे फार कमी बोलतात.

तिकडे किल्लीवाल्याच्या दुकानासमोरचा रस्ता पाइप टाकायला खणला गेला. चार महिने चर तसाच राहिला. गिऱ्हाइकं पलीकडून कुलपं फेकायची, हा झेलायचा, दुरुस्त करून परत फेकायचा. पण सगळ्यांचा नेम सारखा नसतो. काही कुलपं चरात गेली, त्यांच्यामागे गिऱ्हाइकंही गेली, म्हणजे दुसऱ्या दुकानात. भाडं थकलं. मालक दोनदा तोंडी बोलला. तिसऱ्यांदा त्याने खण उघडला, मला उचललं आणि सकाळी सातलाच शटरला लावून मोकळा झाला.

किल्लीवाला आला आणि मला बघून थबकला. त्याने मला ओळखलं. साध्या तारेनेही मी त्याच्यासमोर अर्ध्या मिनिटात उघडतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण होती. ताईने त्याचा हात धरला आणि त्याला तडक वकीलबाईंकडे नेलं. बाई कराराचा कागद वाचत वाचतच दुकानापाशी आल्या.

"भाडं तुम्ही देणं लागता, त्यातून सुटका नाही," त्या म्हणाल्या. "पण करारात काय आहे? आधी लेखी नोटीस, मग महिन्याची मुदत, तरी नाही दिलं तर मालकाने कोर्टात जायचं. यात कुलूप कुठे आहे?"

"कुलूप शटरला आहे," ताई म्हणाली.

बाईंनी माझा फोटो काढला. माझा पहिलाच. मग किल्लीवाल्याला बजावलं की तार काय, बोटही लावायचं नाही. आज उघडलंत तर उद्या मालक म्हणेल, याने माझं कुलूप फोडलं. आपण कोर्टाकडूनच उघडून घेऊ.

तेव्हापासून किल्लीवाला रोज माझ्यासमोर स्टूल टाकून बसू लागला. हत्यारं सगळी आत. त्याचे हात शिवशिवायचे. तो उठायचा, चराच्या कडेने फेऱ्या मारायचा, परत बसायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, एखादा चांगला किल्लीवाला का बोलवत नाही? पाचव्या दिवशी त्याने मला तळहातावर घेतलं. अंगठा किल्लीच्या भोकावर ठेवला. खोटं सांगत नाही, माझ्या सातही पत्र्या आपणहून सरकू लागल्या. त्याने मला सोडून दिलं आणि तो पुन्हा फेऱ्या मारू लागला. मीही मारल्या असत्या, पण मला एकाच जागी डुलता येतं.

नवव्या दिवशी मालक एक कागद घेऊन आला. फार गोड बोलला. म्हणाला, थकलेलं सगळं माफ करतो, हत्यारं आत्ताच घेऊन जा, फक्त इथे सही कर. किल्लीवाल्याच्या घरात नऊ दिवस एक पैसा आला नव्हता. त्याने पेन घेतलं. कानस नऊ दिवस हातात नसलेल्या माणसाला पेनही कानशीसारखं वाटतं.

ताईने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. मी स्वखुशीने दुकान सोडत आहे.

"कुठाय तुझी खुशी?" तिने भावाला विचारलं. "मला दाखव तरी. मग कर सही."

त्याने पेन परत दिलं. मालकाने ते पुसून खिशात ठेवलं.

अकराव्या दिवशी कोर्टाने सांगितलं की दुकान आजच उघडून द्या. थकलेलं भाडं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक, अशा सहा हप्त्यांत. एक जरी चुकला तर मालकाने कोर्टातच यावं, शटरपाशी जाऊ नये. कोर्टाचा बेलिफ आदेश घेऊन आला. मालकाने खिसे चाचपले. घरी जाऊन आला. माझी किल्ली कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्याने ती इतकी जपून ठेवली होती, की त्याच्याही हाती लागेना.

"तूच उघड ना," तो शेवटी किल्लीवाल्याला म्हणाला. "तुला काय अवघड आहे?"

"मालक, लिहून द्या. तुमच्या सांगण्यावरून उघडतोय म्हणून."

मालकाने लिहून दिलं. बेलिफाने खाली सही केली. हत्यारं आत असल्यामुळे वकीलबाईंनी आपल्या छत्रीच्या दोन काड्या दिल्या. किल्लीवाला गुडघ्यावर बसला. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, तीन गेली.

"एरवी अर्ध्या मिनिटात उघडतोस ना रे?" ताई म्हणाली.

"आत काहीतरी अडतंय, ताई."

मी होतं नव्हतं ते बळ लावलं. सातवी पत्री अडून बसली होती. कुणाच्याही बाजूची नव्हती ती, नुसती गंजली होती. त्याने फुंकर घातली आणि मी उघडलो. शटर वर गेलं. तो आत शिरला, भिंतीवरची कानस उतरवली आणि काही काम नसताना ती हातात धरून उभा राहिला.

मालक मला न घेताच गेला. चार हप्ते फिटले आहेत, दोन राहिलेत. मी दुकानाच्या खिडकीत उघडाच पडून असतो आणि प्रत्येक महिन्याची पहिली तारीख आली की माझी कडी आपोआप वाजते.

मित्रांनो, आम्हा कुलपांना बाजू नसते. जो लावेल त्याचे आम्ही. म्हणून मला कुणाच्या दाराला लावण्याआधी कागद वाचा, आणि तुमच्या दाराला कुणी लावलं तर तोडण्याआधी वाचा. सही तर त्याच्याही नंतर करा. आणि आठवलं, तर आत दोन थेंब तेल सोडा. त्या दिवशीची ती तीन मिनिटं अजून माझ्या पोटात अडकून आहेत.