मेंढरांना कळणारी हाक

घशाच्या ऑपरेशनात मुंजाबाचा आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, जीव तर वाचला. मुंजाबाला ते पटलं, मेंढरांना नाही.

लहानपणी बाप त्याला उतारावरून नावानं हाक मारायचा. पोरगं यायचं, मागं कळप. बाप गेल्यावर मुंजाबा स्वतःच स्वतःचं नाव ओरडू लागला. चाळीस वर्षं माळावर स्वतःलाच हाका मारल्या, आणि मेंढरं आली.

आता हाकेवाचून कळप चितेगावच्या कंपन्यांपर्यंत पांगायचा.

"ऐतवारी बन्सी व्यापारी टेम्पो आणतोय," बायको बानाबाई म्हणाली. "मेंढरं देऊन टाकू."

तिनं हाक मारली असती तर? पण नवऱ्याचं नाव तिनं लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं. तेवढंच.

राहिला टॉमस. हा कंपनीतला इंग्रज इंजिनिअर रोज संध्याकाळी माळावर मराठी शिकायला यायचा. त्याच्याकडं एक कागद होता: इंग्रज माणसाला फ्रेंच सहा महिन्यांत येते, मराठीला सव्वा वर्ष, जपानीला अडीच. सव्वा वर्ष मागच्याच महिन्यात भरलं होतं. कागदाप्रमाणं त्याला मराठी येत होती.

ऐतवारी ऊन कललं, माळ धुरासारखा हलका झाला. बन्सी टेम्पोला टेकून उभा होता. टॉमसनं मुंजाबाच्या नावानं हाक मारली. मेंढरांनी मान वर केली, त्याच्याकडं 'उद्या या' म्हणणाऱ्या कारकुनासारखं पाहिलं आणि चरू लागली.

"मी पुन्हा प्रयत्न करतो," टॉमस म्हणाला.

"इंग्रजीत बोला सायब," बन्सी म्हणाला. "एखादी शाळेत गेलेली आसंल."

दुसरी हाक झाली, तिसरी झाली. दगडावर बसलेल्या मुंजाबानं डोळे मिटले. बानाबाईला मात्र ऐकवेना.

"आवं सायब, काय ते वरण घोटल्यावानी? मधी थांबायचं नाय. शेवटाला सोडून द्यायचं, वाऱ्यावर. हे आसं..."

आणि तिनं हाक मारली.

मुंजाबाचं नाव माळावरून सावकाश गेलं, टेकडीला लागलं, परत आलं. पुढची मेंढी वळली. मग सगळा कळप, पाय जमिनीला न लागल्यासारखा, उतारावरून तरंगत येऊ लागला. बन्सीनं गुपचूप रिकाम्या टेम्पोचं फळकं लावलं.

मुंजाबा उठला. काठी दगडापाशीच विसरून, मेंढरांच्या गर्दीतून, तोही त्या हाकेकडं चालू लागला.