मॅटवरचा मुकाट्या आणि सासूबाई

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. मी पडलेलो नाही. मी असाच आहे. गुडघे अर्धवट वाकलेले, हात पुढे पसरलेले, मान जरा तिरकी. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला आत्ताच कुणीतरी लोळवलंय. लोळवतात हे खरं, पण हा आकार मात्र जन्मापासूनचा. मी जाड कॅनव्हासचा, पोटात चिंध्या कोंबलेला, कुस्तीच्या सरावाचा एक जुना बाहुला आहे आणि माझं नाव मुकाट्या.

मला एका सोफे शिवणाऱ्या कारागिराने बनवलं. ‘माणसाच्या मापाचा बाहुला हवा,’ एवढंच त्याला सांगितलं होतं. त्याने समोर दुसरा माणूस नाही म्हणून स्वतःचंच माप घेतलं, आणि तो दिवसभर शिलाई यंत्रापुढे बसलेला असे. त्यामुळे मीही बसलेलाच जन्मलो. डावा हात शिवताना त्याला फोन आला, म्हणून तो उजव्यापेक्षा वीतभर लांब झाला. चेहरा आमच्या सरांनी नंतर मार्करने काढला. हसरा काढायला गेले आणि दात दुखत असल्यासारखा झाला.

आमचे सर सकाळी प्लंबिंगची कामं करतात आणि संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवतात. ही जमिनीवरची कुस्ती आहे. बाकीच्या कुस्त्यांत पाठ टेकली की खेळ संपतो, इथे पाठ टेकल्यावर सुरू होतो. कुणी छातीवर बसलं तर खालून कसं निसटायचं, हात पिरगाळला तर कसा सोडवायचा, हेच सगळं शिकायचं. फारच दुखलं तर समोरच्याला दोनदा थाप मारायची, की तो लगेच सोडतो. सर सगळं नळाच्या भाषेत सांगतात. “पाइप बसत नसेल तर जोर कशाला लावता? आधी जागा करा. कंबर सरकवा, जागा झाली की गुडघा आपोआप आत जातो.” आडवं पडून कंबर मागे ढकलत सरकण्याच्या त्या हालचालीला ते ‘कोळंबी’ म्हणतात. तुम्ही एका ओळीत मोठमोठ्या माणसांना कोळंबीसारखं सरकताना पाहिलंत तर हसाल. मी हसतो, पण दात दुखल्यासारखा दिसतो.

त्या काळात माझा मोठा मान होता. “मुकाट्याकडे बघा, कसा सैल पडलाय! घाबरत नाही, श्वास कोंडत नाही,” असं सर सगळ्यांना सांगायचे. मी श्वासच घेत नाही ही गोष्ट कुणी काढली नाही आणि मीही गप्प बसलो.

मग एके दिवशी चष्मेवाली आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिचा स्वतःचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. मॅटवर उतरताना तो काढून ठेवावा लागे, आणि तो काढला की तिला माणूस आणि खांब यांत फारसा फरक दिसत नसे. पहिल्याच दिवशी तिने माझ्यापुढे वाकून विचारलं, “सर, फी महिन्याची की तीन महिन्यांची?” मी काही बोललो नाही. ती म्हणाली, “बरं, नंतर विचारते.”

वर्गात ती एकटीच बाई. पुरुष तिच्याबरोबर सराव करायला बुजायचे. बँकेतला कॅशियर तर तिचं मनगट धरण्याआधीच “सॉरी हं” म्हणायचा आणि धरायचाच नाही. म्हणून सरांनी तिची जोडी माझ्याशी लावली. ती मला छातीवर ठेवून घ्यायची, माझा लांब हात काखेत अडकवायची, त्याच बाजूचा माझा पाय आपल्या पायाने रोखायची, कंबर वर उचलून पूल करायची आणि मला धप्पकन उलथवायची. रोज मी हरायचो, रोज तिचा चेहरा फुलायचा. खोटं कशाला बोलू, तिच्याकडून हरण्यात मलाही मजा यायची.

पण घरी तिने वर्गाचं सांगितलंच नव्हतं, आणि तिथे भलतंच घडत होतं. सरावाने तिच्या हातांवर निळेजांभळे डाग उठायचे. शेजारणी ते बघायच्या आणि तिच्या नवऱ्याकडे रोखून बघायच्या. नवरा शाळेत भूगोल शिकवणारा, आवाज चढवला तर स्वतःच दचकणारा माणूस. एका शेजाऱ्याने त्याला जिन्यात गाठून विचारलं, “मास्तर, घरात सगळं ठीक ना?” हे सासूबाईंच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्याच संध्याकाळी त्या सुनेच्या मागोमाग येऊन आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

सासूबाईंनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं होतं. आवाज असा, की कुजबुजल्या तरी खालच्या टायरवाल्याला ऐकू जावं. त्यांनी आधी सरांनाच ओळखलं.

“अहो, तुम्ही प्लंबर ना? आमच्या बेसिनखालचा नळ बघायला येणार होतात!”

“उद्या येतो, काकू.”

“मागच्या उन्हाळ्यातही उद्याच येणार होतात.”

मग त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि वर्ग संपेपर्यंत बघत राहिल्या. सुनेने मला उलथवलं तेव्हा म्हणाल्या, “हं. म्हणजे डाग याच्यामुळे.” माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी शिवण सैल झाली. पण दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशीही. हळूहळू त्या खुर्चीतूनच शिकवू लागल्या. “अगं, कोपर आत घे! तो धरेल ना तिथे!” सर मान डोलवायचे, कारण बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असे.

अशातच माझ्यावर संकट आलं. दाढीवाल्या एका तगड्या गड्याने मला खांद्यावरून फेकलं आणि माझं पोट फाटलं. आतून काय निघालं असेल? सोफ्याची फुलाफुलांची जुनी कव्हरं, एक झालरीचा पडदा आणि गुलाबी उशीचा अभ्रा. इतकी वर्षं मी स्वतःला पैलवान समजत होतो! मला भिंतीशी टेकवून ठेवलं. “शिवून घेऊ कधीतरी,” सर म्हणाले. त्यांचं कधीतरी म्हणजे काय, ते सासूबाईंच्या बेसिनला विचारा.

चष्मेवाली मॅटवर एकटीच उभी राहिली. तिला एकदा कॅशियरबरोबर उतरवून पाहिलं. कॅशियर सॉरी म्हणत म्हणत तिच्या छातीवर बसला आणि ती हललीच नाही. माझ्यावर जमलेलं काहीच चालेना, कारण मी कधी दाबत नव्हतो, कधी तोल सावरत नव्हतो. ती उठून चष्मा शोधू लागली. तिचे डोळे भरले होते. “मला काही येत नाहीये, सर. मी बाहुल्याशीच खेळत होते.”

तेव्हा दाराजवळून आवाज आला. “मी बसू का तिच्या छातीवर?”

सगळे वळले. सर चाचरले. “काकू, तुमचं वय...”

“वजन बघा, वय कशाला बघता?”

सासूबाई मॅटच्या कडेपर्यंत आल्या आणि थांबल्या.  खाली बघत होत्या. चष्मेवालीने जवळ जाऊन हात धरला, तेव्हा त्या हळू बोलल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

“मला खाली बसता येत नाही गं. म्हणजे बसता येईल. उठता येणार नाही.”

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी घरात कुणी नसताना त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण उठताच येईना. बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता. थांबत होता, परत वाजत होता. “जन्मभर दुसऱ्या घंटेच्या आत फोन उचलला मी. आणि तो वाजतोय, आणि मी फरशीवर.” शेवटी बादलीला धरून कशाबशा उठल्या. मुलाला सांगितलं नाही, कारण मग त्याने त्यांना खुर्चीतून हलू दिलं नसतं. तेव्हापासून त्या जमिनीला भीत होत्या.

 चष्मेवालीने सासूबाईंना धरून अलगद मॅटवर बसवलं आणि सरांना म्हणाली, “सर, आज सुटायचं राहू दे. उठायचं शिकवा.”

उठण्याचीही एक पद्धत असते, मित्रांनो. एक हात मागे टेकायचा, दुसऱ्या बाजूचं पाऊल घट्ट रोवायचं, कंबर उचलायची, मोकळा पाय खालून मागे घ्यायचा आणि उभं राहायचं. सांगायला सोपं. सासूबाईंची कंबर उचलली जाई आणि पाय मध्येच अडकून त्या परत बसत. चिडून सरांना म्हणत, “ही लाइन सारखी कट होतेय.” थकल्या की माझ्या फाटक्या पोटाला टेकून बसत. मी पैलवानाचा लोड झालो होतो. वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांच्या पाठीची ऊब चिंध्यांपर्यंत पोचायची.

उठणं पूर्ण जमलं नव्हतं, पण भीती ओसरत होती. मधल्या वेळात त्या खरोखरच सुनेच्या छातीवर बसू लागल्या. आणि काय सांगू! त्या तोल सावरायच्या, वजन टाकायच्या, मनगट धरायच्या, वर ऑपरेटरच्या आवाजात म्हणायच्या, “कृपया प्रतीक्षा करा, सर्व मार्ग व्यस्त आहेत.” चष्मेवाली खालून हसायची आणि हसता हसता शिकायची. माझ्याकडून जे शिकता येणं शक्य नव्हतं, ते ती सासूकडून शिकली. मला थोडा मत्सर वाटला. थोडा नाही, बराच.

घरी मात्र दोघींनी “वाचनालयात जातो” असं सांगितलं होतं. एका संध्याकाळी पाऊस आला म्हणून भूगोलाचे मास्तर छत्री घेऊन वाचनालयात गेले. तिथे दोघी नव्हत्याच. परत येताना टायरच्या दुकानापाशी वरून आईचा आवाज ऐकू आला. टायरवाल्याने त्यांना वरच्या जिन्याकडे बोट दाखवलं. मास्तर दारात आले तेव्हा त्यांची आई त्यांच्या बायकोच्या छातीवर बसली होती.

“आई! सोड तिला!”

“गप रे! ती सुटतेय!”

आणि चष्मेवाली सुटलीच. हात अडकवला, पाय रोखला, पूल केला, आणि सासूबाई धप्पकन खाली. सुनेने त्यांच्या डोक्यामागे तळवा ठेवला होता, पण मास्तरांना ते दिसलं नाही.

“अगं! सोड आईला!”

कॅशियर सवयीने “सॉरी हं” म्हणाला.

मास्तर छत्रीसह मॅटवर धावले, बुटांसह. सर ओरडले, “बूट!” मास्तर तिथेच बूट काढायला वाकले, एका पायावर डळमळले आणि माझ्यावर येऊन बसले. माझ्या पोटातून झालरीचा पडदा बाहेर आला. ते खरंच घाबरले होते. आवाज फुटला होता. “आई, घरी चल. आत्ताच्या आत्ता. तुला काही झालं म्हणजे? तू पडलीस म्हणजे?”

“पडले होते,” सासूबाई म्हणाल्या.

त्या अजून मॅटवरच बसलेल्या होत्या. तिथूनच त्यांनी मुलाला फरशीची आणि फोनची सगळी गोष्ट सांगितली. मास्तर ऐकत राहिले. पडद्याची झालर बोटाभोवती गुंडाळत राहिले. शेवटी पुटपुटले, “तो फोन मीच करत होतो. शाळेतून. वाटलं, तू शेजारी गेली असशील.”

 मास्तर उठले आणि आईला उठवायला दोन्ही हात पुढे केले. चष्मेवाली मधे आली. चष्मा नव्हता, म्हणून आधी चुकून कॅशियरलाच अडवलं, मग नवऱ्याला. “हात नको देऊस. त्यांनी मागितला तर दे.”

सासूबाईंनी एक हात मागे टेकला. पाऊल रोवलं. कंबर उचलली. पाय अडकला. त्या परत बसल्या. मास्तरांचे हात आपोआप पुढे आले आणि त्यांनी ते स्वतःच खिशात कोंबले. पुन्हा हात, पाऊल, कंबर. सर पुटपुटत होते, “जागा करा, काकू, आधी जागा करा.” पाय खालून सरकला, घासत, थरथरत, पण सरकला. सासूबाई उभ्या राहिल्या. कशालाही न धरता. मग त्यांनी पदर सारखा केला, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “रडतोस काय? छत्री दे इकडे, मॅटवर पाणी गळतंय.”

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. सासूबाई मॅटवर कुठल्याही बाजूने पडतात आणि उठतात. चष्मेवालीने कॅशियरला छातीवरून इतक्या वेळा उलथवलं की आता सॉरी ती म्हणते. शेजारणीही येऊ लागल्या आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना कुणाला हरवायचं नसतं, फक्त उठायचं असतं, आणि त्यांच्यासाठी सासूबाईंनी वेगळा तास धरला आहे. सरांनी त्यांचा नळही दुरुस्त केला, कारण रोज समोर उभं राहून रोज टाळणं त्यांना झेपेना.

राहता राहिलो मी. मध्यंतरी सरांनी रबरी बाहुला आणायचं ठरवलं आणि मला खाली भंगारात द्यायला निघाले. सासूबाईंनी मला जिन्यातच अडवलं. माझं पोट उघडून बघितलं, पडदा झटकून त्याची घडी केली, कव्हरं दाबून बसवली आणि दुहेरी दोऱ्याने असं शिवलं की दाढीवाल्याची पुन्हा हिंमत होऊ नये. शिवताना त्या एकदाच बोलल्या, तेही माझ्याशी. “दुखलं तर सांगत जा रे बाबा. मी नाही सांगितलं, दोन वर्षं वाया गेली.”

मला सांगता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येतं. घरात कुणी बरेच दिवस एकाच खुर्चीत बसून असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा. हात लगेच ओढू नका, पण जवळ असू द्या. आणि माझ्यासारखं काही जुनंपुराणं तुमच्याकडे असेल तर टाकण्याआधी एकदा सुईदोरा काढा. सुई मात्र बारीक घ्या, सासूबाईंची फार जाड होती.