लेकाचा भाव

लिब्रादा कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्ती घेऊन घरी पोहोचली, तोवर तिच्या लेकाचा भाव पडला होता. वीज रोजच जाते म्हणून घेतलेली मेणबत्ती. पण चेंडू फेकणाऱ्या पिचरची आई सकाळी सकाळी मेणबत्ती घेते म्हणजे ती देवापुढे लावणार, आणि देवापुढे लावणार म्हणजे पोराचा हात दुखतोय, असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं.

सान पेद्रोच्या त्या गल्लीत बेसबॉल बघण्याआधी त्यावर पैसे लागत. लिब्रादाचा येउरी किती दिवसांच्या आरामानंतर चेंडू फेकायला उतरतोय, हे तिथलं शेंबडं पोरही बोटांवर मोजून सांगे. चार दिवस हात निवला असेल तर डोळे झाकून त्याच्यावर लावायचे. तीनच दिवसांत उतरवला तर जपून. आज संध्याकाळी तो तीनच दिवसांनी उतरणार होता, त्यामुळे बोटांचा हिशेब संपून सगळे डोळे आता त्याच्या आईवर होते. ती शिंकली तरी अर्थ निघे. स्वतःच्या घरात तिला धड तोंड पाडून बसायची सोय उरली नव्हती.

शेजारची मिरेया वाटी घेऊन साखर मागायला आली.

"ताई, रात्री झोप नाही लागली वाटतं?"

"डास होते."

"आणि येउरीला?"

"तिकडे संघाच्या मुक्कामी डास नसतात," लिब्रादा म्हणाली आणि वाटी शिगोशीग भरून तिला दारातूनच वाटेला लावलं.

पहाटे येउरीचा फोन आला होता. त्याचं कोपर सुजलं होतं. कॉफीचा कप धरला तरी कळ डोक्यात जात होती.

"मग सांग ना त्यांना," ती म्हणाली होती.

"काय सांगू, आई? अमेरिकेच्या संघांची माणसं मला निवडायला आलीत. दुखतंय म्हटलं की नासका माल म्हणून शिक्का बसला. कुणाजवळ तोंड उघडलंस तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

तिने शपथ घेतली होती. त्याच्या बापाचा खांदा असाच एका सामन्यात गेला होता, आणि पुढे साखर कारखान्यात त्याला साधं पोतं उचलेना. बोलावं तर शपथ मोडते, गप्प राहावं तर पोराचा हात जातो. इकडे आड, तिकडे विहीर. चुलीवरची कॉफी उतू जाऊन करपली तेव्हा कुठे ती भानावर आली.

मग तिने तांदळाच्या डब्यातून फ्रिजसाठी साठवलेले पेसो काढले, चर्चला जायचे बूट चढवले आणि भर गल्लीतून नेल्फोच्या सट्ट्याच्या दुकानात शिरली. तिथे डॉमिनो खेळणाऱ्यांचे हात थांबले. या उंबऱ्याच्या आत तिने आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

"मावशी, रस्ता चुकलात काय?" नेल्फो जाळीआडून हसला.

"पाहुण्या संघावर लाव. सगळे."

त्याचं हसू ओसरलं. "समोर येउरी आहे."

"कोण आहे ते मला नको सांगूस. मीच जन्म दिलाय त्याला."

"पोराच्या विरोधात लावताय? का पण?"

लिब्रादाने जाळीतून नोटा आत सरकवल्या. पावती घेऊन ती ताठ मानेने बाहेर आली.

तिच्या मागोमाग सगळी गल्ली पाहुण्यांवर पैसे लावायला तुटून पडली. दुपारी रेडिओवरचा निवेदकही तेच चघळत होता, की आईनेच लेकाविरुद्ध पैसे लावलेत. घराघरांतून तो आवाज तिच्या कानावर येत होता. दारासमोर कोणीतरी थुंकलं. मिरेया खिडकीशी येऊन म्हणाली, "अशी आई वैऱ्यालाही न मिळो." लिब्रादा दार लावून आत बसली आणि तोंडात मूठ कोंबून रडली.

दुपार कलताना रेडिओने पिचरचं नाव बदललं. बोभाटा ऐकून संघाच्या लोकांनी येउरीला डॉक्टरपुढे उभं केलं होतं. आता दुसराच कोणी चेंडू फेकणार होता.

नेल्फो स्वतः तिचे पैसे घेऊन आला. ठरलेला पिचर उतरला नाही की पैज रद्द, ज्याचे पैसे त्याला परत, हा धंद्याचा नियम.

"तुम्हाला नियम माहीत होता, मावशी?"

"तुझ्याच भिंतीवर रंगवलाय. रोज समोरून जाते मी."

"आणि तो उतरला असता तर?"

तिने नोटा न मोजताच डब्यात टाकल्या.

येउरी संध्याकाळी आला. सामना चालू होता, तरी तो गल्लीतून येईपर्यंत रेडिओ एकामागून एक बारीक झाले. हात गळ्यात बांधलेला. आत येऊन तो खुर्चीत बसला.

"डॉक्टर म्हणाले, वर्षभर चेंडूला हात लावायचा नाही. मग बरा होईल."

"बरं."

"अमेरिकेची माणसं निघून गेली."

तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"शपथ घेतली होतीस तू."

"मी तोंड उघडलं नाही, येउरी."

"नाही उघडलंस," तो म्हणाला. त्याला शर्ट काढायचा होता आणि एका हाताने बटणं सुटेनात. तिने पुढे होऊन एकेक बटण सोडलं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

"यापुढे मी तुला काही सांगणार नाही. फोनवरही नाही."

"नको सांगूस," लिब्रादा म्हणाली. "हात वर कर. सावकाश."