कोरे व्हॉल्व्ह

सासऱ्यांचा जीव दोघांवर: एक लेक, दुसरा जुना गिटार-अ‍ॅम्प्लिफायर. लेक चार महिन्यांपूर्वी त्यांनी जावयाच्या हाती सोपवली. अ‍ॅम्पला हात लावायची परवानगी मात्र अजून मिळालेली नव्हती.

चाळीस वर्षांपूर्वी जिवलग मित्राने तो त्यांना विकला होता. "आतले काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासूनचे आहेत, एकही बदललेला नाही," असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मित्र गेल्या वर्षी गेला. त्याची मुलगी गिटार वाजवते, तेव्हा अ‍ॅम्प आता तिला द्यायचा, पण नीट तपासून, असं सासऱ्यांनी ठरवलं. म्हणून आज मेकॅनिक आला होता.

मेकॅनिक मुलखाचा अबोल. गिटार न जोडताच त्याने अ‍ॅम्प चालू केला आणि गुरगुर किती येते ते कान देऊन ऐकलं. एकेक बटण फिरवून खरखर शोधली, पेन्सिलीने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेच टकटक केलं. मग सासऱ्यांनी गिटार जोडून तार छेडली. भरदार, ऊबदार, जोर दिला की किंचित घोगरा होणारा आवाज खोलीभर पसरला.

"आवाजाला तोड नाही," मेकॅनिक म्हणाला. सासरे असे खुलले, की जावयालाही उगाच आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

सगळं थंड झाल्यावर मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढून चष्म्याजवळ धरले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"छाप नाही, नंबर नाही. सगळेच्या सगळे कोरे. कुणीतरी नंतर स्वस्तातले बसवलेत."

"मी तर कधीच बदलले नाहीत."

"मग विकणाऱ्याने बदलले असतील."

सासरे मटकन खाली बसले. "म्हणजे त्याने मला बनवलं. आणि मी जन्मभर त्याचे गोडवे गात बसलो!" मग म्हणाले, "राहू दे. त्याच्या मुलीला काही द्यायला नको."

मागच्या रविवारी घरात कुणी नसताना, सासरे खूश होतील म्हणून, जावयानेच ते व्हॉल्व्ह काढून साबणाच्या ओल्या फडक्याने लख्ख पुसले होते. फडक्यावर पांढरं काहीतरी आलं, ते त्याला धूळच वाटलं. आता गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. गेलेला माणूस काही तक्रार करायला येणार नव्हता. पण ते काही त्याच्या गळी उतरेना.

"बाबा, ते मी पुसले," तो म्हणाला. "अक्षरं माझ्याच हातून गेली."

मेकॅनिकने एका व्हॉल्व्हवर तोंडाने वाफ सोडली. धुरकट काचेवर पुसटसे आकडे उमटले आणि विरले. तसं त्याने प्रत्येकावर करून पाहिलं.

"अस्सल आहेत," तो म्हणाला. "जुनी शाई, नुसत्या बोटानेही निघते, पण काचेवर खूण राहते. माझंच चुकलं, मी घाई केली."

आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून जावई मान खाली घालून उभा राहिला.

"तुमचं काय, जावईबापू, तुम्ही मायेने केलंत," सासरे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षांची दोस्ती, आणि त्याला खोटा ठरवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत."