वरवटचा आदिमानव आणि राळ

वरवट बकालच्या शिवारात, कपाशीच्या कडेला, एक आदिमानव चुलीसमोर उकिडवा बसून गुरगुरत होता. अंगाला गोणपाट, तोंडाला राख, आणि समोर तीन पायांच्या स्टँडवर मोबाईल. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सुचिता आणि प्रसेनजित ही शेजारची दोन पोरं पाय हलवत बसली होती. शाळेतही ती इतकी मन लावून ऐकत नसत.

"हरिओमदादा," नऊ वर्षांच्या सुचितानं विचारलं, "आदिमानवाले घड्याळ कोणं देल्लं?"

हरिओमनं मनगटाकडे पाहिलं, घड्याळ काढून गोणपाटाखालच्या हाफपँटच्या खिशात टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून गुरगुरायला सुरुवात केली. तेवढ्यात रस्त्यावरून गावातल्या दयारामची मोटरसायकल गेली. जाता जाता तो ओरडला, "काऊन बे हरिओम, कपडे कुठी गेले? घरच्यायनं हाकललं का?"

हे रेकॉर्डिंगही वाया गेलं.

हरिओम बी.ए. झाला होता, दोन वर्षं स्पर्धा परीक्षांना बसला होता, आणि आता 'आदिम जीवन' नावाचं चॅनल चालवत होता. चॅनलला सातशे लोक होते. त्यातले निम्मे गावातलेच, आणि ते हसायला येत. बापानं सांगून टाकलं होतं, दसऱ्यापर्यंत काही जमलं नाही तर चाकणच्या कंपनीत चुलतभावाच्या हाताखाली खोकी बांधायला जायचं. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. पण पुण्याची एक सहल कंपनी सातपुड्याच्या पायथ्याला शहरी मुलांसाठी शिबिर काढणार होती. दगडाची हत्यारं, गारगोटीचा विस्तव, झाडाच्या राळेचा चिकट लगदा. त्यासाठी प्रशिक्षक हवा होता, आणि त्यांच्या संजीवनी मॅडम रविवारी हरिओमची कला बघायला येणार होत्या. रविवार साधला तर गाव सुटणार नव्हतं. नाही साधला तर खोकी.

राळेचा लगदा त्यानं एका गोऱ्या माणसाच्या व्हिडिओत पाहिला होता. तो माणूस चीडाच्या झाडाची राळ वितळवून दगड दांड्याला चिकटवत होता. चीडाचं झाड आपल्या शिवारात नाही, हे हरिओमला पुष्कळ शोधल्यावर कळलं. मग आदिमानवानं राळ ऑनलाइन मागवली. शूटिंगच्या ऐन मध्यात कुरियरवाल्याचा फोन आला, "दादा, ओटीपी सांगा," आणि आदिमानवानं तो सांगितला.

त्याची मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, सोजराबाई शेजारच्याच घरात राही. तीस वर्षं अंगणवाडी चालवून ती निवृत्त झाली होती. गावातल्या दोन पिढ्यांना, हरिओमसकट, पाटीवर पहिली रेघ तिनंच मारायला शिकवली होती. निंदणाच्या दिवसांत बायका मुठी सुटलेली खुरपी घेऊन तिच्याकडे येत. बाजारातून आणलेली सालईच्या झाडाची राळ पाघळवून ती मुठी अशा बसवी की लोखंड झिजे, पण मूठ हलत नसे. हे सगळं हरिओम लहानपणापासून बघत आला होता. पण मोठीमायचा व्हिडिओ कोणी काढला नव्हता, त्यामुळे त्याच्या हिशेबी ती कला नव्हती.

धूर पाहून ती आली. डब्यातली राळ खदखदत होती आणि कडेनं पेटत होती. ज्वाळा व्हिडिओत झकास दिसत होत्या.

"अरे, राळ उकळाची नसते बाप्पा," ती म्हणाली. "निखाऱ्यावर पाघळू द्याची. जाळली का काचेवानी होते."

"मोठीमाय, हे पाइन आहे. इंपोर्टेड."

"पाइन असो का फाइन. कोळशाची पूड टाकली का त्यात? अन् शेयीच्या वाळल्या लेंड्या कुटून?"

"शेळीच्या लेंड्या? कॅमेऱ्यासमोर?"

"नाई तर तडकते थे. लेंडीतला बारीक चारा त्याले धरून ठेवते."

हरिओमनं तिची समजूत राहावी म्हणून मान हलवली आणि ती वळताच डब्यात दोन चमचे कॉफी टाकली. रंग तर तोच येत होता.

संध्याकाळी त्यानं त्या लगद्यानं दांड्याला बसवलेल्या दगडी कुऱ्हाडीनं बाभळीच्या फांदीवर घाव घातला. पहिल्या घावाला फांदी हलली, दुसऱ्याला हरिओम हलला, तिसऱ्याला लगदा तडकला आणि दगड उडून तुरीत गेला.

"दादा," प्रसेनजित म्हणाला, "तुहा दगड पयाला."

हरिओमनं रात्रभर विचार केला नाही. सकाळी दुकानात जाऊन गोंदाची नळी आणली, नवी कुऱ्हाड चिकटवली, वरून राख फासली आणि टोपलीत झाकून ठेवली.

रविवारी संजीवनी मॅडम आल्या. पांढऱ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून त्या ढेकळांवरून उड्या मारत आल्या आणि गोणपाटातला हरिओम बघून जागीच थांबल्या.

"किती ऑथेंटिक!"

हरिओमनं राळ पेटवली, ज्वाळा दाखवल्या, काडीनं काळा लगदा ढवळून दाखवला आणि टोपलीतून तयार कुऱ्हाड काढली.

"दादा," धुऱ्यावरून सुचितानं हात वर केला, "हे कवा चिकटवली? आत्ता तर तू ढवयतच होता."

"अन् नळी कुठी फेकली?" प्रसेनजितनं विचारलं. त्याला नळीचं झाकण हवं होतं.

हरिओमनं टोपली पायानं मागे सरकवली. खोकी, चिकटपट्टी आणि चाकणची खोली डोळ्यांपुढून सरकली. पण मॅडम हसल्या. "असू दे, असू दे. टीव्हीवरच्या स्वयंपाकातही असंच करतात. मुलांना फील आला पाहिजे."

तेवढ्यात सोजराबाई आली. इस्त्रीची साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात मोबाईल. गावातल्या बाकीच्या पोरांनी ओढून आणलेली. मॅडमनी कौतुकानं 'तुम्हालाही येतं?' असं विचारलं म्हणून ती निखाऱ्यांपुढे बसली. सोबत आणलेली सालईची राळ पाघळू घातली, मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावला, आणि तेवढ्या वेळात सुचिताकडून कोळसा आणि प्रसेनजितकडून लेंड्या कुटून घेतल्या. दोन्ही पूड राळेत मुरली. तिनं दगड गरम केला, दांड्याच्या खाचेत लगद्यासकट बसवला आणि म्हणाली, "आता याले कोनी हात लावू नका. थंडा होऊ द्या." सगळ्यांनी हात मागे घेतले. मॅडमनीसुद्धा.

मग मॅडमनी स्वतः फांदी तोडली. सात घावांत. दगड तसूभर हलला नाही.

"अप्रतिम!" मॅडम म्हणाल्या, आणि सोजराबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजी, तुम्हीच का नाही येत शिबिराला? फक्त ते, म्हणजे, चष्मा नको. मोबाईलही नको. आणि साडीऐवजी आम्ही एक कातड्यासारखा ड्रेस देऊ. मुलांना वाटलं पाहिजे ना, की खरंच जुन्या काळातलं आहे."

सोजराबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"बाई, चष्म्याबिगर राळ कवा पाघळली थे मले दिसत नाई. अन् कातडं घालून पोट्ट्यायले शिकवाचं म्हनता, तर तीस वर्षांत एकाही पोट्ट्यानं मले कपड्यायचं विचारलं नाई. सारे हेच विचारत, आता काय कराचं."

मॅडम हसल्या. मग त्या हरिओमकडे वळल्या.

"तुमचं नक्की. तुम्ही तसे दिसता."

हरिओमला एवढा आनंद झाला की कशासाठी निवड झाली हेही त्याच्या लक्षात आलं नाही. मॅडम गाडीत बसता बसता म्हणाल्या, "आणि हो, शिबिरात चाळीस मुलं असतील. प्रत्येकानं आपली कुऱ्हाड स्वतः बनवायची, तुमच्यासमोर, त्यांच्या आईवडिलांसमोर. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी फांदी तोडायची. पंधरा दिवसांत सुरू करू."

गाडी गेली. धूळ बसली. हरिओमनं मनातल्या मनात चाळीस दगड चाळीस आईवडिलांच्या दिशेनं उडताना पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोजराबाईच्या ओसरीसमोर उभा राहिला. अंगात शर्ट होता. आत सुचिता, प्रसेनजित आणि आणखी चार पोरं खलबत्त्याभोवती बसली होती.

"मोठीमाय, ते तुह्यावालं... जरा दाखवतं का? लवकर होईन असं काही?"

"लवकरचं तर तू करून पाह्यलं," ती म्हणाली. टोमणा म्हणून नव्हे. पाटी उलटी धरलेल्या पोराला सांगावं तसं. "बस थ्या प्रसेनजितच्या बाजूनं. आधी कोयसा कुट."

हरिओम मांडी घालून बसला. दोन मिनिटं कुटून झाल्यावर त्यानं विचारलं, "एवढा बारीक पुरे का?"

"दादा," सुचिता त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हात वर करून विचाराचं."

हरिओमनं हात वर केला. सोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या आधीपासून प्रसेनजितचा हात वर होता.