अहो, डाव्यानं!

मी डावा बूट बोलतोय. हो, डावाच! उजव्याचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, आज जरा माझंही ऐका.

मला घडवलं माझ्या मालकाच्या थोरल्या भावानं. त्याचं चपला-बुटांचं दुकान होतं. जाड चामडं, टणक नाक, तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे ठोकळे. जोडी धाकट्याच्या हातात देत तो म्हणाला, "भिजवून पायात घाल आणि वाळेपर्यंत काढू नकोस. मग बघ कसे बसतात!" बसलो खरा, अगदी फिट्ट.

मालक दिवसा छापखान्यात कागद कापायचा आणि संध्याकाळी छापखान्याच्याच फुटबॉल संघात बचावाला उभा राहायचा. सगळे त्याला 'अडसर' म्हणत, कारण त्याला ओलांडणं भल्याभल्यांना जमत नसे. पण सगळा पराक्रम उजव्या पायाचा! मी आपला नुसता उभं राहायला. तो चेंडू लाथाडणार, लोक टाळ्या पिटणार आणि मी चिखलात रुतून बसणार. राग यायचा हो!

मग देशाच्या संघाचं बोलावणं आलं. घरात आनंदीआनंद! पण प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सुनावलं, "तुझा डावा पाय शोभेचा आहे. महिन्याभरात चालवून दाखव, नाहीतर घरी बस."

मालक तोंड पाडून घरी आला. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि उजवा बूट सरळ कपाटात कोंडला. "उद्यापासून उजव्या पायात हा कापडी जोडा. त्या पायानं मारलंत तर तुमचाच अंगठा ठेचेल."

छापखान्यामागच्या भिंतीवर सराव सुरू झाला. चामड्याचा चेंडू पावसाचं पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा. सवयीनं उजवा पाय पुढे गेला की मालक कळवळायचा आणि बाई ओरडायच्या, "अहो, डाव्यानं!" चार दिवसांत खिडक्यांतून अख्खा छापखाना तेच ओरडायला लागला. माझं नाक पार सोलवटलं, पण काय सांगू, मी हरखून गेलो होतो!

महिन्याभरानं मालक देशाकडून पहिला सामना खेळायला उतरला. शेवटपर्यंत बरोबरी होती. तेवढ्यात आमचा गोलरक्षक पुढे धावला आणि घसरून पडला. चेंडू रिकाम्या गोलाकडे निघाला, तोही आमच्या डाव्या अंगानं. वळायला सवड कुठली? मालकानं अंग झोकून दिलं. माझं टोक चेंडूला लागलं आणि चेंडू खांबाला घासून बाहेर गेला. सामना संपल्यावर प्रशिक्षक आले, वाकले आणि माझ्यावरचा चिखल त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला. त्यानंतर कितीतरी वर्षं मालक देशाकडून खेळला. थोरला भाऊ दर हंगामाला माझा तळ नवा करून द्यायचा. त्या हातांचे उपकार मी कसे विसरू?

आता मी खिडकीत असतो. ठोकळे झिजून तळ सपाट झालाय. मालकाचा उजवा गुडघा म्हातारपणी दगा देऊन बसला. शस्त्रक्रिया झाली, पण तो खुर्ची सोडेना. "माझ्यानं आता उभं राहवणार नाही," हेच पालुपद. 

आज सकाळी बाईंनी मला खाली काढलं, तेल चोळलं, मालकाच्या पायात घातलं आणि नाडी आवळली. मग दोन पावलं मागे सरून हात पुढे केला.

"अहो, डाव्यानं!"

मालक खुदकन हसला. खुर्चीचे हात घट्ट धरून त्यानं सगळा भार माझ्यावर टाकला आणि थरथरत उठला. टाका हो मालक, बिनधास्त टाका! मी उभं राहायलाच तर आहे.